बागेतल्या जुन्या ट्रॅक्टरचा स्लो कसा लावावा

जालना-अंबड पट्ट्यात ज्याचं लहानपण मळ्यात गेलं, त्याच्या कानात विहिरीवरच्या ऑईल इंजिनचा आवाज कायमचा बसलेला असतो. टुक… टुक… टुक… सावकाश, एका लयीत, मैलभर ऐकू येणारा. त्या जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनांतली कित्येक मिनिटाला ६५० फेऱ्यांवर चालायची, आणि तोच आवाज आमच्यासाठी निरोगी इंजिनचा आवाज ठरला. पुढे मोसंबीच्या बागेत पेट्रोलवरचा छोटा ट्रॅक्टर आला, मागे चालत तण काढायचा वीडर आला, तेव्हा माणसं बदलली नाहीत आणि कानही बदलले नाहीत. स्लो, म्हणजे रेस न देता नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनची गती, लावताना प्रत्येक जण तीच लय शोधत राहिला.

माझ्या मामांनी तेच केलं. जुना, दुसऱ्याकडून घेतलेला, एका सिलिंडरचा पेट्रोल ट्रॅक्टर होता. उभा असताना तो फार रेस घेतो असं त्यांना वाटायचं. पेचकस घेऊन त्यांनी स्लो उतरवत उतरवत इतका खाली आणला की इंजिन आता बंद पडतं की मग पडतं, असं व्हायचं. मी म्हटलं, "मामा, लई कमी झाला की हो." ते म्हणाले, "असू दे रे. निवांत चालतंय, पेट्रोलबी वाचतंय." त्या उन्हाळ्यात आळ्यांची खुरपणी चालू असताना ते अर्धा अर्धा तास ट्रॅक्टर तसाच चालू ठेवून झाडाखाली टेकायचे. पाऊस पडायच्या आधीच इंजिनने आतून ठोका द्यायला सुरुवात केली आणि एके सकाळी कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा, तुटला. उघडून पाहिलं तर रॉडचं ॲल्युमिनियम क्रँकच्या पिनेवर लोण्यासारखं फासलं गेलेलं. ऑईल होतं, पातळीही बरोबर होती. ते वर पोचतच नव्हतं.

म्हणून हा लेख. हातात पहिल्यांदाच पाना घेणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे काही गोष्टी अगदी मुळापासून सांगतो.

स्लो कमी असला की नेमकं काय बिघडतं

मोठ्या ट्रॅक्टरमध्ये ऑईल पंप असतो, तो दाबाने ऑईल बेअरिंगपर्यंत ढकलतो. बागेतल्या बहुतेक जुन्या एक-सिलिंडर इंजिनांत पंप नसतोच. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी असते. क्रँक फिरला की ती पळी खाली साठलेल्या ऑईलमध्ये बुडते आणि ऑईल चहूकडे उडवते. सिलिंडरची भिंत, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, रॉडचं बेअरिंग, सगळं या उडालेल्या थेंबांवर जगतं. आता विहिरीत हात बुडवून पाणी उडवून पाहा. झटक्याने मारलं तर लांब जातं, हळू फिरवलं तर नुसते तरंग उठतात. इंजिनात हेच होतं. ६५० फेऱ्यांच्या ऑईल इंजिनची घडणच त्या वेगासाठी झालेली असते. तुमच्या छोट्या पेट्रोल इंजिनची पळी जास्त वेगाचा हिशेब धरून बनवलेली आहे. शिवाय यातल्या अनेक इंजिनांत रॉडला वेगळं बेअरिंग नसतं, ॲल्युमिनियमचा रॉड थेट पिनेवर फिरतो. मध्ये ऑईलचा पापुद्रा नसेल तर धातूवर धातू घासतो.

दुसरी गोष्ट हवा. इंजिन थंड ठेवणारा पंखा फ्लायव्हीलवरच, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकावरच असतो. फेऱ्या कमी म्हणजे वारा कमी. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा बाहेरची हवाच तापलेली असते. त्यात पंखा मंद झाला तर सिलिंडरची उष्णता जायची कुठे?

उतारावर हे आणखी बिघडतं. धारूरच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगरउतारावर सीताफळाच्या बागेत ट्रॅक्टर तिरका उभा करून स्लोवर ठेवला, तर ऑईल एका बाजूला जमतं आणि पळीला नीट सापडत नाही. तिथे उभं राहायचं असेल तर इंजिन बंदच करा.

आणि जास्त असला तर

जास्त स्लोचा धोका इंजिनापेक्षा माणसाला आहे. ज्या वीडरला आपोआप पकडणारा क्लच असतो, त्यात इंजिन ठरावीक वेगाच्या पुढे गेलं की क्लच पकडायला लागतो. स्लो त्या वेगाच्या जवळ गेला तर तुम्ही लिव्हर सोडलेली असते, तरी पाती हळूहळू फिरत राहतात. पायाशी फिरणारी पाती आणि समोर वाकून गवत काढणारी बाई, हे चित्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवशी काही झालं नाही, पण तेव्हापासून दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायच्या आधी मी पहिल्यांदा पाती बघतो. पट्ट्यावर (बेल्टवर) चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्येही तेच: स्लो जास्त असला की क्लच दाबूनही पट्टा ओढत राहतो, गिअर टाकताना दात करकरतात आणि ट्रॅक्टर झटका देऊन पुढे उडी मारतो. जास्त रेसवरून एकदम बंद केलं की सायलेन्सरमध्ये फटाका फुटतो, तेही यामुळेच.

म्हणजे वर एक कडा आहे आणि खाली एक. मधला आकडा कंपनीने ठरवून दिलेला असतो, तो कानाने ठरवायचा नसतो.

तुमच्या इंजिनचा आकडा

हा आकडा पुस्तिकेत असतो. आपल्याकडे वीडरवर आणि पंपावर खूप दिसणाऱ्या होंडाच्या जीएक्स १६० आणि जीएक्स २०० इंजिनांचा स्लो मिनिटाला १४०० फेऱ्या दिलेला आहे, वर २०० आणि खाली १५० पर्यंत चालतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या अनेक इंजिनांना १७५० असतो. बाहेरून आलेल्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरमध्ये कोहलरची के मालिकेची इंजिनं असायची, त्यांचा १२००. बघा, तीन कंपन्या आणि तीन आकडे, पण ६५० च्या जवळपास एकही नाही.

पुस्तिका हरवली असेल तर इंजिनवरच्या पत्र्यावर किंवा पंख्याच्या झाकणावर मॉडेल नंबर कोरलेला असतो. माती घासून काढा, तो नंबर लिहून घ्या आणि त्याच नंबरची पुस्तिका शोधा. शेजाऱ्याच्या दिसायला सारख्या असलेल्या इंजिनचा आकडा उचलू नका.

पेचकस हातात घेण्याआधी

स्लो बिघडला म्हणून येणाऱ्या दहातल्या निम्म्या इंजिनांत स्लोचा स्क्रू निर्दोष असतो. बाकी कशामुळे तरी इंजिन नीट श्वास घेत नसतं आणि माणूस बिचाऱ्या स्क्रूला पिळत बसतो. त्यामुळे आधी हे बघून घ्या.

एअर फिल्टर. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, दोन-चार थेंब इंजिन ऑईल चोळून, घट्ट पिळून बसवा. कागदाचा असेल तर धुऊ नका, झटका. फारच काळा असेल तर बदला. स्लो लावताना फिल्टर जागेवर हवा. तो काढून स्लो लावला आणि मग फिल्टर बसवला, तर सगळं पुन्हा बदलतं.

पंख्याची जाळी आणि सिलिंडर थंड ठेवणाऱ्या त्याच्या अंगावरच्या पट्ट्या. कपाशीत काम केलेल्या यंत्रात बोंडांचा कापूस आणि सुकलेलं गवत जाळीत अडकून गालिचा झालेला असतो. झाकण काढून साफ करा.

ऑईल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पातळी बघा. बोटावर घेतलं तर पेट्रोलचा वास येतो का, हेही बघा. येत असेल तर कार्बोरेटरची, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची, सुई गळते आहे आणि पेट्रोल खाली उतरतं आहे. ते दुरुस्त करून ऑईल बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पेट्रोल. यावर थोडं थांबतो, कारण जुन्या इंजिनांना हल्ली याचा फार त्रास होतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून पावसाळाभर ट्रॅक्टर उभा ठेवला तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि वर पेट्रोल राहतं. इंजिनला मिळतं ते खालचं. जुन्या रबरी नळ्या फुगतात, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट-हिरवट भुकटी दिसते आणि स्लोवर पेट्रोल पुरवणारं बारीक छिद्र सगळ्यात आधी बुजतं. त्या छिद्रात केस जेमतेम जाईल एवढीच जागा असते. दोन महिन्यांहून जुनं पेट्रोल काढून टाका, वाटी उघडून स्वच्छ करा, ताजं पेट्रोल भरा. हंगाम संपला की टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी कोरडी राहते.

प्लग आणि व्हॉल्व्ह. प्लग काढून तारेच्या ब्रशने घासा आणि फट मोजा. होंडाच्या वर सांगितलेल्या इंजिनांत ती ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. व्हॉल्व्हची फट इंजिन थंड असताना मोजायची असते. त्याच इंजिनांत हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची ०.१५ आणि धूर बाहेर सोडणाऱ्याची ०.२० मिलिमीटर. ही फट संपली असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि स्लो कधीच टिकत नाही. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हाती नसेल तर हे एवढं काम मेकॅनिककडून करून घ्या.

शेवटचं, आणि नवख्यांना सगळ्यात जास्त चकवणारं: ॲक्सिलेटरची केबल. हातातली लिव्हर पूर्ण स्लोवर आणा आणि कार्बोरेटरपाशी वाकून बघा. तिथला छोटा दांडा स्लोच्या स्क्रूच्या टोकाला टेकला पाहिजे. मध्ये कागदभर जरी फट असेल तर केबल ताणलेली आहे आणि इंजिन केबलवर टांगलेलं आहे. तुम्ही स्क्रू कितीही फिरवा, काही होणार नाही. केबलचा नट सैल करून थोडी ढील द्या, मगच पुढे.

जागा आणि कपडे

उघड्यावर काम करा. पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून इंजिन चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस पेंगतोय असं वाटेपर्यंत उशीर झालेला असतो. ट्रॅक्टर न्यूट्रलवर, ब्रेक ओढलेला, चाकाला पुढून-मागून दगड. मागचं औजार जोडलेलं असेल तर सोडा. वीडर असेल तर पाती काढा किंवा यंत्र जमिनीपासून वर उचलून ठोकळ्यावर पक्कं बसवा. पाती काढताना प्लगची कॅप आधी काढून बाजूला ठेवा. गळ्यातला गमछा, ओढणी, पदर, सैल बाही, हे सगळं खोचून किंवा काढून. फिरत्या पंख्याजवळ वाकायचं आहे. लहान मुलं अंगणात नकोत. आणि गरम सायलेन्सरवर पेट्रोल ओतायचं नाही, थेंबभरसुद्धा.

फेऱ्या मोजायच्या कशा

सोपा मार्ग म्हणजे प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर. शेतीच्या सुट्या भागांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. त्यात एक गोष्ट लावावी लागते: एका फेऱ्याला किती ठिणग्या. फ्लायव्हीलवरच्या मॅग्नेटवर चालणाऱ्या इंजिनांत प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते, तिच्यातली प्रत्येक दुसरी वाया जाते. जुन्या कोहलर के मालिकेसारख्या इंजिनांत ठिणगी पाडणारे पॉइंट कॅमशाफ्टवर चालतात, तिथे दोन फेऱ्यांत एकच ठिणगी. मीटर चुकीच्या खुणेवर असला की आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. १४०० अपेक्षित असताना २८०० किंवा ७०० दिसले तर इंजिनला हात लावू नका, मीटरची सेटिंग बदला.

मीटर नसेल तर खिशातला फोन आहे. इंजिन बंद असताना पंख्याच्या फिरत्या जाळीवर किंवा पुलीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि वाळू द्या. बहुतेक फोनमध्ये आठपट संथ व्हिडिओ घेता येतो. आधी भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद-काट्याचा व्हिडिओ घेऊन खात्री करा, एक सेकंद सरकायला आठ सेकंद लागले पाहिजेत. मग स्लोवर चालणाऱ्या इंजिनचा घ्या, हातभर लांबून. लावून बघताना २४ सेकंदांत ठिपका किती वेळा वर आला ते मोजा आणि त्याला २० ने गुणा. ६० आले तर १२००, ७० आले तर १४००. मी ही युक्ती मीटरशी ताडून पाहिली आहे. स्लोच्या वेगाला पाच-पन्नास फेऱ्यांच्या फरकाने बरोबर येते, आणि तेवढी अचूकता आपल्याला पुरते. पूर्ण रेसवर मात्र यावर विसंबू नका.

दोन स्क्रू

कार्बोरेटरवर साधारण दोन स्क्रू हाताला लागतात. एक स्प्रिंग घातलेला, ज्याचं टोक बटरफ्लायच्या (आतली वाट उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या चकतीच्या) दांड्याला टेकतं, तो स्लोचा. आत फिरवला की बटरफ्लाय किंचित उघडा राहतो आणि फेऱ्या वाढतात. दुसरा कार्बोरेटरच्या अंगातच घुसलेला, त्याचं टोक सुईसारखं, तो मिश्रणाचा.

मोटारसायकल दुरुस्त केलेली माणसं इथे चुकतात. काही कार्बोरेटरमध्ये हा सुईचा स्क्रू हवा कमी-जास्त करतो, काहींत पेट्रोल. तो बटरफ्लायच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर समजा पेट्रोलचा आहे: आत घेतला की पेट्रोल कमी. फिल्टरकडच्या बाजूला असेल तर हवेचा: आत घेतला की हवा कमी, म्हणजे पेट्रोल जास्त. बागेतल्या जुन्या इंजिनांत बहुधा पहिला प्रकार असतो, पुढचं सगळं तो धरून सांगतो. स्क्रूवर प्लास्टिकची टोपी असेल तर ती कंपनीने मुद्दाम बसवलेली आहे. ती जेवढं फिरू देते तेवढंच फिरवा.

आता काम

मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने, दोन बोटांनी पेचकस धरून, टेकेपर्यंत आत घ्या. टेकला की थांबा. जोर लावला तर सुईच्या टोकाला खाच पडते आणि तो कार्बोरेटर पुन्हा कधीच नीट लागत नाही. आत घेताना किती आटे (पूर्ण फेरे) फिरला ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे काही फसलं तर जुन्या जागी परत जाता येईल. टेकल्यावर पुस्तिकेत दिलेले आटे मागे घ्या. आकडा नसेल तर सव्वा ते दीड आटा मागे ही सुरुवातीला बरी जागा.

इंजिन चालू करा. चोक पूर्ण उघडा आणि मध्यम रेसवर आठ-दहा मिनिटं चालू द्या. थंड इंजिनवर लावलेला स्लो गरम झाल्यावर खोटा ठरतो. वाट पाहायचा कंटाळा येतो, म्हणूनच लोक चुकतात. याच वेळात ऑईल कुठे गळतंय का, काही सैल खडखडतंय का, ते कान देऊन ऐका.

लिव्हर स्लोवर आणा. स्लोच्या स्क्रूने फेऱ्या आकड्याच्या जरा वर ठेवा, समजा १४०० चं इंजिन असेल तर १५००. आता मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव आटा आत घ्या. दरवेळी चार-पाच सेकंद थांबा, इंजिनला कळायला वेळ लागतो. एका जागी ते दबायला लागेल, ठोके चुकतील. ती जागा लक्षात ठेवा, पेचकसाच्या दांड्यावर पेनाने खूण केली तरी चालेल. मग उलट दिशेला, पाव-पाव आटा बाहेर. आधी आवाज सुधारेल, मग जड होईल, घुमायला लागेल, सायलेन्सरमधून काळपट वाफारा येईल. तीही जागा लक्षात ठेवा. स्क्रू या दोन्हींच्या मधोमध आणा आणि तिथून अगदी किंचित बाहेर, आटाभराचा आठवा हिस्सा. आपल्या उन्हाळ्यात थोडं पेट्रोल जास्त असलेलं चालतं, कमी असलेलं चालत नाही. कमी पेट्रोलवर चालणारं इंजिन जास्त तापतं.

मिश्रण बसलं की फेऱ्या आपोआप थोड्या चढलेल्या दिसतील. आता स्लोच्या स्क्रूने त्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. कान सांगेल, अजून खाली घे, बघ किती छान टुकटुक करतंय. ऐकू नका. मीटरकडे बघा.

काही इंजिनांत इथे एक पायरी वाढते. गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग आपोआप सांभाळणारा भाग, स्लोवरही आपलं काम करत असतो आणि बटरफ्लायला ओढत असतो. अशा इंजिनांच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात: एक बटरफ्लायचा दांडा बोटाने स्क्रूला टेकवून धरल्यावरचा, दुसरा दांडा सोडल्यावरचा. पहिला स्क्रूने लावायचा, दुसरा गव्हर्नरच्या स्लोसाठी दिलेल्या खास स्क्रूने. दांडा धरताना बोट सायलेन्सरपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा.

गव्हर्नरच्या मुख्य स्प्रिंगबद्दल मात्र कडक बोलतो. तिला वाकवू नका, तिची कडी दुसऱ्या छिद्रात घालू नका, ताकद वाढावी म्हणून ताणू नका. ही स्प्रिंग इंजिनचा सगळ्यात वरचा वेग ठरवते, छोट्या इंजिनांत तो बहुधा ३६०० च्या आसपास असतो. ती ताणली की इंजिन त्यापुढे पळतं आणि मग रॉड बाहेर येतो किंवा फ्लायव्हीलचे तुकडे उडतात. समोर कोण उभं आहे ते तुकडे बघत नाहीत.

लागला का ते बघणं

लिव्हर स्लोवरून झटक्यात पुढे ढकला. इंजिनने अडखळल्याशिवाय रेस घेतली पाहिजे. क्षणभर गुदमरलं तर पेट्रोल कमी पडतंय, मिश्रणाचा स्क्रू आठवा हिस्सा बाहेर. मग लिव्हर झटक्यात मागे: फेऱ्या आकड्यावर येऊन स्थिरावल्या पाहिजेत, बंद पडता कामा नये. हे पाच-सहा वेळा करा. पाती जागेवर बसवून, यंत्र उचललेलंच ठेवून, लांब उभं राहून बघा. स्लोवर पाती पूर्ण स्थिर असली पाहिजेत. ती जराही फिरत असतील आणि स्लो आकड्यावर असेल, तर दोष क्लचच्या स्प्रिंगमध्ये किंवा पट्ट्याच्या ताणात आहे. तो तिथेच दुरुस्त करायचा. पाती थांबवण्यासाठी स्लो उतरवू नका, मामांच्या रॉडची गोष्ट तिथूनच सुरू होते.

नाहीच लागला तर

इंजिन वर-खाली, वर-खाली होतंय, झोका घेतल्यासारखं. याला मेकॅनिक हंटिंग म्हणतात. बहुतेक वेळा पेट्रोल कमी मिळतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या पॅकिंगवर ऑईलच्या डबीने दोन थेंब सोडा. आवाज क्षणभर बदलला, तर हवा तिथूनच शिरते. नट समान आवळा, पॅकिंग बदला. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल किंवा स्प्रे मारून ही परीक्षा करणारे लोक आहेत, तुम्ही करू नका, भडका उडतो.

मिश्रणाचा स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नाही: स्लोचं छिद्र बुजलं आहे. कार्बोरेटर उतरवून धुवावा लागेल. छिद्रात तार घालू नका, ते मोठं होतं. हवेच्या दाबाने फुंका.

स्लो दरवेळी वेगळ्याच ठिकाणी येतो, कधी १३००, कधी १७००. बटरफ्लायची दांडी धरून हलवून बघा. ती खालीवर डुलत असेल तर तिचं भोक झिजलं आहे आणि तिथून हवा जाते. वीस-पंचवीस वर्षांच्या कार्बोरेटरमध्ये हे सर्रास होतं. बुश बसवून मिळत असेल तर बसवा, नाहीतर कार्बोरेटर बदला.

गरम झाल्यावर बंद पडतं, थंड असताना छान चालतं: व्हॉल्व्हची फट, किंवा इग्निशन कॉईल. स्लो वाढवून हे झाकता येतं, आणि लोक झाकतात, पण ते दुखणं आत वाढतच राहतं.

तुमचं इंजिन पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायच्या जुन्या प्रकारचं असेल, तर स्लो पेट्रोलवरच लावा. स्लोवर इंजिन पुरेसं तापत नाही, रॉकेलची वाफ होत नाही आणि न जळलेलं रॉकेल ऑईलमध्ये उतरतं.

डिझेलच्या मिनी ट्रॅक्टरमध्ये मिश्रणाचा स्क्रूच नसतो. पंपाच्या लिव्हरला टेकणारे दोन स्क्रू असतात, एक स्लोचा, एक सगळ्यात वरच्या वेगाचा. दुसऱ्याला तार आणि शिशाचं सील असतं, ते तोडायचं नाही. पहिला, इंजिन गरम असताना, पुस्तिकेतल्या आकड्यावर लावायचा. एवढंच.

त्यानंतर

आकडा, तारीख आणि मिश्रणाचा स्क्रू किती आट्यांवर ठेवला ते ऑईलपेंटने मडगार्डच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. वही हरवते, मडगार्ड हरवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना चालू करा. पहिली दोन-तीन मिनिटं चोक लागेल, ते ठीक आहे. चोक उघडल्यावर ते आकड्यावर उभं राहिलं की काम झालं. पन्नास तास काम झाल्यावर किंवा हंगाम बदलल्यावर पुन्हा एकदा मोजा.

आणि चहाला थांबताना इंजिन बंद करा. आकड्यावर लावलेला स्लो गिअर टाकायला, औजार जोडायला, दोन मिनिटं उभं राहायला आहे. अर्धा तास झाडाखाली टेकायचं असेल तर चावी फिरवा. मामांनी नवा रॉड बसवल्यावर पहिली ही सवय लावून घेतली. आता त्यांच्या बागेत सकाळी अकराला चहा आला की एकदम शांत होतं, आणि मोसंबीतल्या चिमण्या ऐकू येतात.